वार्धक्यातील निवास व शुश्रूषा : सभासद कुटुंबांसाठी एक अभ्यास

पंढरीच्या पुंडलिकाची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने बालपणीच ऐकलेली असते. साक्षात भगवंत दारी आले असताही पुंडलिक मातापित्यांच्या सेवेतून उठला नाही. त्याने एक वीट पुढे सारली आणि देवास तिच्यावर तिष्ठत ठेवले. ह्या कथेचे तात्पर्य सांगताना आपण 'आईवडिलांची सेवा करावी' एवढेच सांगून थांबतो. परंतु तीत आणखी एक मर्म आहे. तिष्ठत कोणास राहावे लागले? देवास, मातापित्यांस नव्हे. आज आपल्या घरांतून बहुधा उलट घडते. नोकऱ्या, बदल्या, मुलांच्या परीक्षा, लग्नकार्ये ही सर्व यथासांग पार पडतात, आणि घरातील वृद्धांनी पुढे कोठे व कसे राहावे हा प्रश्न मात्र विटेवर उभा राहतो. एखाद्या रात्री न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते, तेव्हा कोठे तो घरात येतो.

सन २०११ च्या जनगणनेत भारतात साठ वर्षांवरील माणसांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. आपल्या इंदुरातील मराठी वस्तीत हे निराळे सांगावयास नको. होळकरशाहीपासून येथे नांदलेल्या घरांतील तरुण मंडळी पुणे, बंगळूर वा परदेशी गेली. मागे राहिले ते वाडे, त्यांचे उंच जिने आणि त्या जिन्यांवरून दिवसातून एकदा खाली उतरणारे आजीआजोबा. तीर्थरूपांच्या पौरोहित्यामुळे आम्हांस अनेक घरी जाण्याचा योग येतो. सत्यनारायणाच्या पूजेस भरलेले घर आरती संपल्यावर तासाभरात रिकामे होते, आणि मग एकट्या राहिलेल्या आजी प्रसादाची भांडी हळूहळू आवरू लागतात. ह्या एकटेपणाचा विचार करणे हे देवस्थानाच्या कार्याबाहेरचे आहे असे आम्हांस वाटत नाही.

१. मूळ प्रश्न कोणता?

ह्या विषयावर बोलणे निघाले की दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो की वृद्धाश्रम हा कुळास कलंक आहे. दुसरा म्हणतो की काळ बदलला, आता त्यावाचून गत्यंतर नाही. आमच्या मते हे दोन्ही पक्ष प्रश्न चुकीच्या ठिकाणी धरतात. आईवडील कोठे राहणार हा दुसरा प्रश्न होय. ते कोणाच्या विचाराने ठरले हा पहिला.

पाच मुलांच्या घरात 'दोन दोन महिने पाळीने' अशी वाटणी होऊन आपली पिशवी उचलून फिरणारी माता घरीच असते. पण तिचे घर कोणते, हे तिलाही सांगता येत नाही. उलट एखादे निवृत्त शिक्षक स्वतः पाहून, पसंत करून समवयस्कांच्या निवासात राहावयास जातात आणि तेथे सकाळी वर्तमानपत्राचे वाचन घेतात. ह्या दोहोंत उपेक्षित कोण, हे केवळ छपरावरून ठरत नाही. आपल्या परंपरेतील वानप्रस्थाश्रमाची कल्पनाही गृहस्थाने आपण होऊन, योग्य वेळी, संसाराचा भार खाली ठेवण्याची होती. 'आपण होऊन' हे शब्द त्यात महत्त्वाचे आहेत. घरातून बाहेर ठेवणे म्हणजे वानप्रस्थ नव्हे.

म्हणून ह्या लेखाचा एकच आग्रह आहे : वृद्ध चालते-बोलते असताना, त्यांच्या समोर, त्यांच्याच तोंडून हा निर्णय व्हावा. रुग्णालयाच्या ओट्यावर दोन दिवसांत भावंडांनी घेतलेला निर्णय बहुधा सोयीचा असतो. तो क्वचितच न्याय्य असतो.

२. निवासाचे प्रकार

आज आपल्यासारख्या शहरांत जे मार्ग उपलब्ध आहेत ते थोडक्यात असे :

(अ) स्वतःच्या घरी, मदतीसह. बहुतेक वृद्धांची इच्छा हीच असते. त्यासाठी घर बदलण्यापेक्षा घरात बदल करावे लागतात. शयन माडीवरून तळमजल्यावर आणणे, न्हाणीघरात व शौचकूपात भिंतीला पक्के धरदांडे बसविणे, गुळगुळीत फरशी खरखरीत करणे, भारतीय बैठकीऐवजी कमोडची सोय करणे, अंथरुणापासून न्हाणीपर्यंत रात्री मंद दिवा ठेवणे आणि पायात अडकणाऱ्या सतरंज्या काढणे ही कामे एका आठवड्यात होण्यासारखी आहेत. पडण्याचे पुष्कळसे प्रसंग एवढ्याने टळतात.

(आ) मुलांकडे. हा मार्ग उत्तम. पण त्यात वृद्धांना स्वतःचा कोपरा, स्वतःची किल्ली, स्वतःच्या ओळखीची माणसे राहतील काय, हे पाहावे. इंदुरात साठ वर्षे काढलेल्या माणसास परक्या शहरातील अकराव्या मजल्यावर दिवसभर बंद दाराआड ठेवणे ही सोय आहे; सोबत नव्हे.

(इ) दिवसाचे केंद्र. महाराष्ट्रात ह्यांस 'विरंगुळा केंद्र' असे गोड नाव रूढ आहे. सकाळी जावे, समवयस्कांत बसावे, संध्याकाळी घरी यावे. ज्या घरी दिवसा कोणी नसते परंतु रात्री सर्व असतात, तेथे हा मार्ग फार उपयोगी पडतो.

(ई) ज्येष्ठांच्या वसाहती. येथे सदनिका विकत वा भाड्याने घेऊन राहावयाचे असते. भोजनगृह, वैद्य, उतरणीचे मार्ग व रात्रीचा पहारा सामाईक असतो. ज्यांची प्रकृती ठीक व हाती पैसा आहे, त्यांच्यासाठी ह्या योग्य. केंद्र शासनाने २०१९ मध्ये अशा वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

(उ) वृद्धाश्रम. ह्यांत धर्मादाय व सशुल्क असे दोन भेद आहेत. ही कल्पना केवळ अलीकडची वा परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. पुण्याचे 'निवारा' म्हणून ओळखले जाणारे डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह एकोणिसाव्या शतकापासून चालत आले आहे.

(ऊ) शुश्रूषागृह. अंथरुणास खिळलेले वा स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण येथे परिचारिकांच्या देखरेखीखाली असतात. वृद्धाश्रम व शुश्रूषागृह ह्यांतील भेद नीट ध्यानी ठेवावा. चालत्याफिरत्या माणसास घेणारे पुष्कळ वृद्धाश्रम तोच माणूस अंथरुणास खिळला की 'आता घेऊन जा' असे कळवितात.

३. घरातील शुश्रूषा व तिचा भार

अंथरुणास खिळलेल्या माणसाची सेवा म्हणजे काय, हे ज्याने केले त्यासच ठाऊक. दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीस व माकडहाडापाशी जखमा होतात आणि त्या महिनोन्‌महिने भरत नाहीत. अन्न बसवून भरवावे लागते, आडवे असता भरविल्यास ठसका लागून ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. अंग पुसणे, कपडे बदलणे, औषधांच्या वेळा, रात्रीचे उठणे. हे सर्व प्रेमाने होते हे खरे, पण केवळ प्रेमाने होत नाही. त्यास हात लागतात.

हे हात कोणाचे? येथे आपण एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. आईवडिलांच्या निर्वाहाविषयी २००७ साली जो अधिनियम झाला, त्यात 'अपत्य' ह्या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात ही आहेत, सून नाही. कायद्याने कर्तव्य मुलावर व मुलीवर सारखेच ठेवले आहे. व्यवहारात मात्र रात्री दोनदा उठते ती सून. कित्येक घरी सासूबाई पंच्याऐंशीच्या आणि सूनबाई स्वतः साठीच्या असतात, आणि गुडघे दोघींचेही दुखत असतात. परगावचे चिरंजीव दरमहा पैसे पाठवितात व फोनवरून सूचना देतात. जवळची माणसे कामही करतात आणि बोलही ऐकतात. आमची नम्र सूचना अशी की, भावंडांनी वर्षातून एकदा एकत्र बसून पैशाप्रमाणेच कामाचीही वाटणी करावी. दूरच्याने वर्षात निदान काही आठवडे प्रत्यक्ष येऊन सेवा उचलावी आणि त्या काळात जवळच्यास पूर्ण विश्रांती द्यावी. विश्रांती मिळालेल्या हातांची सेवा निराळी असते. ती वृद्धांनाही कळते.

पगारी मदतनीस ठेवावयाची असेल, तर ती ब्यूरोमार्फत बारा वा चोवीस तासांच्या पाळीने मिळते. ठेवण्यापूर्वी तिची ओळखपत्रे पाहावी, पोलिसांत नोंद करावी, काम कोणते व कोणते नाही हे लिहून ठरवावे. मदतनीस व शिक्षण घेतलेली परिचारिका ह्या दोन निरनिराळ्या आहेत. इंजेक्शन वा नळी ह्यांचे काम परिचारिकेचेच. आणि मदतनीस हीही माणूस आहे. तिला आठवड्याची सुट्टी व वेळेवर जेवण मिळाले पाहिजे. जिला आपण रात्रभर झोपू देत नाही, तिच्याकडून दिवसा मायेची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

विसराळूपणाविषयीही दोन शब्द. तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणे, पैशांचा हिशेब एकाएकी न जमणे ह्यांस 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. त्यामागे स्मृतिभ्रंश असू शकतो, तसेच उपचाराने बरा होणारा एखादा विकारही असू शकतो. वैद्याचा सल्ला लवकर घ्यावा. कारण ज्या निर्णयांविषयी आपण येथे बोलत आहोत, ते घेण्याची शक्ती ह्या व्याधीत हळूहळू जाते.

४. वृद्धाश्रम पाहावयास जाताना

पूर्वसूचना देऊन एकदा व न देता एकदा, अशा दोन भेटी अवश्य द्याव्यात. दुसरी भेट जेवणाच्या वेळी असावी. पानात काय वाढतात, हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक बोलते. रात्री किती माणसे कामावर असतात? हाक मारण्याची घंटी कोठे आहे आणि ती वाजविल्यावर कोण येते? रुग्णालयात न्यावे लागल्यास सोबत कोण जातो? प्रकृती ढासळल्यास ठेवून घेतात काय? अनामत रक्कम किती, ती परत मिळते काय, आणि मासिक शुल्क केव्हा व किती वाढते? ही सर्व उत्तरे लेखी घ्यावीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्यांना राहावयाचे आहे त्यांनी स्वतः पाहावे, आणि शक्य असल्यास प्रथम एक महिना राहून पाहावे. परत येण्याची वाट मोकळी ठेवून गेलेला माणूस तेथे रमतो. दार मागे बंद झाल्याचे ज्यास कळते, तो रमत नाही. देवघरातील नित्याची मूर्ती, जपमाळ, स्वतःचे अंथरुण ह्या वस्तू नेता येतील काय, हेही विचारावे. आणि ठेवल्यानंतर भेटीचा वार ठरवून तो एकादशीसारखा पाळावा.

५. घर, दान व कायदा

आपल्या समाजात एक सद्भावनेची पण घातक चाल आहे. आईवडील भावनेच्या भरात हयातीतच राहते घर मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करून देतात. बक्षीसपत्र तत्काळ अमलात येते. त्या दिवसापासून घर आपले राहत नाही. मृत्युपत्र मात्र मृत्यूनंतरच अमलात येते आणि हयातीत कितीही वेळा बदलता येते. त्यास दोन साक्षीदार पुरतात; नोंदणी ऐच्छिक आहे. म्हणून घर द्यावयाचेच असेल तर ते मृत्युपत्राने द्यावे, हा मार्ग सर्वसाधारणपणे सुरक्षित होय.

तरीही बक्षीसपत्र करावयाचे असल्यास 'देणाऱ्याचा सांभाळ व मूलभूत गरजा पुरविण्याच्या अटीवर' हे शब्द त्यात स्पष्ट लिहावेत. २००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ अन्वये ही अट मोडल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकते. अट सिद्ध झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. पुढे २ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातील छत्तरपूरच्या एका मातेच्या प्रकरणात, हा कायदा वृद्धांच्या हितार्थ असून त्याचा अर्थही उदारपणे लावला पाहिजे, असे म्हणून न्यायालयाने मुलास दिलेले बक्षीसपत्र रद्द केले व घराचा ताबा तिला परत देण्याची आज्ञा केली. मातेस न्याय मिळाला. परंतु पोटच्या मुलाविरुद्ध दिल्लीपर्यंत जाऊन. लिहिण्याच्या वेळी घेतलेली काळजी ह्या प्रवासापासून वाचविते.

ह्याच अधिनियमान्वये साठ वर्षे पूर्ण झालेल्या, स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह न होणाऱ्या व्यक्तीस अपत्यांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अपत्य नसेल, तर ज्याच्या ताब्यात तिची मालमत्ता आहे वा ज्यास ती वारशाने मिळणार आहे, त्या नातलगावर ही जबाबदारी येते. न्यायाधिकरणाचा प्रमुख उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, व विशेष कारणाने आणखी ३० दिवसांत, निकाल द्यावा असा दंडक आहे. निर्वाहाच्या रकमेस अधिनियमाने दरमहा रु. १०,००० ही कमाल मर्यादा घातली आहे. वृद्धास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास वा रु. ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याचबरोबर, सुनेचा राहत्या घरातील हक्क ह्या कायद्याच्या आडून हिरावता येत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. कायदा वृद्धांची ढाल आहे. कोणाच्या हातातील शस्त्र नव्हे.

आणखी एक बारकावा. 'मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवले आहे, आता चिंता नाही,' असे अनेक जण समजतात. परंतु मुखत्यारपत्र देणाऱ्याची सारासार बुद्धी गेल्यास ते मुखत्यारपत्र संपुष्टात येते; म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ते उपयोगी पडत नाही. म्हणून बँकेची खाती, वारसनोंदी व मृत्युपत्र ही कामे बुद्धी शाबूत असतानाच करावीत. शेवटच्या आजारात कृत्रिम उपायांनी प्राण लांबवावा की नाही, हेही आता आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ह्यास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये रीत सोपी केली : दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरीकडून वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावयाचे असते.

ज्यांच्यापाशी घर आहे पण रोकड नाही, त्यांच्यासाठी २००७ पासून रिव्हर्स मॉर्गेज नावाची सोय आहे. घर बँकेकडे गहाण ठेवून बँकेकडून ठरावीक रक्कम घ्यावयाची आणि पतिपत्नींनी हयातभर त्याच घरात राहावयाचे. पश्चात वारसांनी कर्ज फेडून घर सोडवावे, अथवा बँकेने ते विकून शिल्लक वारसांस द्यावी. मुलांना घर मिळावे म्हणून स्वतःची औषधे बंद करणाऱ्या मातापित्यांनी ह्याचा विचार करण्यात काहीच कमीपणा नाही.

६. शासनाचे साहाय्य

सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लक्ष रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचा लाभ आहे. आधारपत्र नेऊन ह्याचे कार्ड काढून ठेवावे. मात्र ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांसाठी आहे; घरच्या मदतनिसाचा पगार तीतून मिळत नाही.

दारिद्र्यरेषेखालील वृद्धांस केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेतून साहाय्य मिळते व राज्ये त्यात आपली भर घालतात. आपले आप्त इतर प्रांतीही आहेत. बेळगावकडे पासष्ट वर्षांवरील गरजूंसाठी संध्या सुरक्षा योजना आहे, तर गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. गोव्यात प्रोव्हेदोरिया ही सरकारी संस्था वृद्धाश्रमही चालविते. सर्व देशासाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा निःशुल्क मदत-दूरध्वनी आहे. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून देवघराशेजारी लावावा.

७. मंडळाचे कर्तव्य

केरळात १९९३ साली कोझिकोड येथे असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनासाठी एक संस्था निघाली. पुढे गावोगावच्या सामान्य माणसांनी आठवड्यातील काही तास देऊन, थोडे शिक्षण घेऊन, शेजारच्या रुग्णांच्या घरी जाण्याची रीत पाडली. परिचारिका त्यांच्या साह्यास आल्या, आणि २००८ मध्ये राज्याने ह्या सेवेचे धोरणच स्वीकारले. ह्यात अवघड असे काय आहे? आपल्या मंडळाच्या यादीत एकटे राहणारे सभासद कोण, हे आपणांस ठाऊक आहे. दर गुरुवारी दोघांनी अशा एका घरी जाऊन अर्धा तास बसावे, औषधे संपली काय ते पाहावे, जिन्यावरचा दिवा गेला असल्यास बदलावा. उत्सवाचा प्रसाद घरपोच पोहोचतो, तशी ही सोबतही पोहोचावी. देवळाच्या पायऱ्या चढता येत नाहीत म्हणून ज्यांचे दर्शन बंद झाले, त्यांच्या दारी देवळाने जाणे हेच उचित होय.

घरी बसून विचारात घ्यावयाचे प्रश्न

(१) आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस पुढे कोठे राहावयास आवडेल, हे त्यांना कधी विचारले आहे काय? त्यांचे उत्तर काय होते?
(२) ते रात्री पडले तर प्रथम कोणास कळेल, आणि किती वेळाने?
(३) घराचे कागद, बँकेची खाती व औषधांची यादी कोठे आहे, हे घरातील दोघांना तरी ठाऊक आहे काय?
(४) शुश्रूषेचा भार आज कोणावर आहे? त्या व्यक्तीस मागील विश्रांती केव्हा मिळाली?
(५) घर नावावर करून देण्याचा विचार असल्यास, जाणकाराचा सल्ला घेतला आहे काय?

ह्या पाच प्रश्नांची उत्तरे येत्या एकादशीपूर्वी सर्वांनी मिळून, वृद्धांना मध्ये बसवून, लिहून काढावीत अशी विनंती आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनाच लिहू द्यावे. हात कापत असेल तर त्यांनी सांगावे व नातवाने लिहावे.